मोटरहोम चालायला लागलं की मागचं घर खडखडतं : आवाज शोधायचे कसे?

प्रश्न

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नेमकं उत्तर देता येणार नाही.

आमचं मोटरहोम सहा वर्षांचं आहे. वापरलेलं घेतलं, त्याला आता आठ महिने झाले. लांबी सात मीटर, पुढे व्हॅनची केबिन, मागे चेसिसवर, म्हणजे वाहनाच्या खालच्या सांगाड्यावर, बसवलेलं पेटीसारखं घर. उभं असलं की त्यात खोट काढायला जागा नाही. दारं नीट लागतात, खण सुळकन सरकतात, कुठे ओल नाही. पण चाकं फिरायला लागली की पाचव्या मिनिटाला वाटतं, कुणीतरी भांड्यांनी भरलेलं कपाट जिन्यावरून ओढत खाली नेतंय.

गाडी मीच चालवते. पुढच्या केबिनमध्ये इंजिनाचा आवाज असतो, त्यामुळे मला सवय झाली होती. खरा त्रास मागे बसणाऱ्याला होतो आणि मागे बसतात माझे बाबा. वय ७८. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. ज्यांच्या घरात श्रवणयंत्र आहे त्यांना माहीत असेल, धातूवर धातू आपटल्याचा, काच किणकिणल्याचा आवाज त्यातून फार टोचतो. बाबा तक्रार करत नाहीत. गाडी सुरू झाली की यंत्रं काढून डबीत ठेवतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. तीन तासांचा प्रवास असला तर तीन तास ते आमच्यात नसतात. आम्ही हे वाहन घेतलं ते त्यांना बरोबर नेता यावं म्हणून, त्यामुळे हे मला फार लागतं.

आतापर्यंत मी काय केलं ते सांगते. फोमच्या पट्ट्यांचं मोठं भेंडोळं आणलं आणि दिसेल त्या फटीत कोंबलं. दोन दिवस बरं वाटलं. मग वरच्या कपाटाचं एक दार फोममुळे पुरतं लागेना, खटका अर्धवट बसला आणि वळणावर दार उघडून आतला डबा बाबांच्या पायाशी येऊन पडला. त्या दिवशी सगळा फोम काढून टाकला. ज्यांच्याकडून वाहन घेतलं त्यांना विचारलं तर म्हणाले, "चाकावरचं घर आहे, एवढं चालायचंच."

माझे दोन प्रश्न आहेत. खरंच चालायचंच आहे का, की आमच्या वाहनाचं कामच कच्चं आहे? आणि आवाज शोधायला सुरुवात कुठून करायची? मी सुतार नाही, मेकॅनिक नाही, पण हातात पाना धरायला घाबरत नाही.

प्रतिसाद १

ताई, आमचं तिसरं मोटरहोम आहे आणि तिन्ही वेळा मी पहिलं काम एकच केलं. वाहन पूर्ण रिकामं करायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. ताटल्या, चमचे, डबे, हँगर, शेगडीवरची जाळी, मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी, बाथरूममधला शॉवर, सुटं टेबल, गाद्या, बाहेरच्या कप्प्यातल्या खुर्च्या आणि अवजारं, सगळं उतरवायचं. मग रोजच्याच रस्त्यावरून, रोजच्याच वेगाने एक फेरी मारायची.

जो आवाज गेला तो सामानाचा होता. जो राहिला तो वाहनाचा. ही वाटणी झाल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

आमच्या दुसऱ्या वाहनात निम्म्याहून जास्त गोंगाट सामानाचाच निघाला. शेगडीची जाळी आता आम्ही निघताना उचलतो, टॉवेलात गुंडाळतो आणि खालच्या खणात ठेवतो. काचेच्या थाळीचंही तेच. ताटल्यांच्या मध्ये जाड कापडाचे गोल तुकडे, खणात रबरी जाळीची चटई. चमच्यांच्या खणात मात्र चटई पुरत नाही, कारण चमचे एकमेकांवरच आपटतात. त्यांना कापडी गुंडाळी शिवा, प्रत्येकाला वेगळा कप्पा असलेली. एका दुपारचं काम आहे.

आणखी एक. खण खच्चून भरला की आवाज कमी होतो हे खरं, पण वजन वाढतं आणि ते वर असलं तर वाहन डुलतं. जड सामान खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये असू द्या.

प्रतिसाद २

ताई, मी सुतार आहे. गेली एकोणीस वर्षं मोटरहोमच्या आतलं काम करतो. पहिली सात वर्षं कारखान्यात जुळणीवर होतो, नंतर दुरुस्तीत आलो. तुमच्या बाबांचं वाचलं आणि सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. "चालायचंच" हे मला मान्य नाही. पण सगळा दोष कच्च्या कामाचाही नसतो. मोटरहोम बनवणाऱ्याच्या डोक्यावर वजनाचा वरवंटा असतो. युरोपात साध्या कारच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचंच वाहन चालवता येतं असा नियम वर्षानुवर्षं राहिला आणि अख्ख्या धंद्याची मापं त्यावरून पडली. वाहन, घर, पाणी, गॅस, माणसं, सामान, सगळं त्यात बसवायचं. मग प्लाय हलका घेतात, बहुतेक पॉपलर झाडाच्या लाकडाचा, आणि जिथे जाड फळी हवी तिथे पातळ फळीला कडेने पट्टी लावून भागवतात. भिंत म्हणजे बाहेर अॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये कडक फोम, आत साधारण ३ मिलिमीटरचा प्लाय. अशा भिंतीत स्क्रू कुठेही धरत नाही. जिथे आत लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी पुरलेली आहे तिथेच धरतो.

आता हे सगळं चेसिसवर बसलेलं आहे आणि चेसिस पिळते. एक चाक खड्ड्यात गेलं की पुढचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, एका बाजूला कलतो, मागचा दुसऱ्या बाजूला. घराची पेटी कडक असते, तिला पिळायचं नसतं. मग तो पीळ सांध्यांमधून निघतो : केबिन आणि घराच्या जोडापाशी, दाराच्या चौकटीत, उंच कपाटाच्या वरच्या टोकाला. उनिमोगसारख्या ट्रकची चेसिस मुद्दाम पिळणारी बनवतात, आणि त्यावर घर बसवताना ते तीन किंवा चार ठिकाणी फिरत्या टेकूवर ठेवतात. खालचा पीळ वर जातच नाही. आपल्या नेहमीच्या वाहनात ती सोय नसते, म्हणून आतलं फर्निचर किती ठिकाणी आणि कशाने बांधलंय यावर सगळं ठरतं.

काम पक्कं की कच्चं हे समोरून कळत नाही. खण पूर्ण बाहेर काढा आणि टॉर्च घेऊन आत बघा. दोन फळ्या जुळतात तिथे डिंक आणि स्क्रू दोन्ही आहेत, की नुसत्या पिना ठोकल्यात? कोपऱ्यात लाकडी ठोकळा आहे का? उंच कपाट भिंतीला, जमिनीला आणि छताला तिन्हीकडे धरलंय, की फक्त भिंतीला? वायर आणि पाण्याचे पाइप दर वीतभरावर क्लिपने बसवलेत, की लोंबतायत? समोरचं चकचकीत लॅमिनेट सगळेच लावतात. फळीच्या मागच्या बाजूला कारागीर दिसतो.

आता आवाज. तुम्ही सगळ्यालाच खडखडाट म्हणताय, तिथे घोटाळा होतोय. आपल्या भाषेत आवाजांना इतकी नावं आहेत, ती वापरा. मी गिऱ्हाइकाला नेहमी विचारतो : खुळखुळतंय, खडखडतंय, करकरतंय, की भणभणतंय? चारही रोग वेगळे, चारांची औषधं वेगळी.

खुळखुळ ही सुट्या वस्तूची. ती वरच्या प्रतिसादात आलीच.

खडखड म्हणजे दोन कडक गोष्टींमध्ये फट आहे आणि त्या एकमेकींवर आपटतायत. दार आणि चौकट, खटका आणि त्याची खाच, पलंगाच्या पट्ट्या आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या टोप्या, पडद्याची दांडी, छतावरच्या झरोक्याची जाळी. इथे फट भरायची किंवा घट्ट करायची. पण आधी दाराचा खटका पुढे-मागे सरकवून बघा. बहुतेक खटक्यांच्या खाचेला लांबट भोक असतं, स्क्रू ढिला करून ती एक-दोन मिलिमीटर आत सरकवता येते. मग जी फट उरेल तेवढ्याच जाडीचा मऊ तुकडा लावायचा. खटका पूर्ण बसल्याचा "टक" ऐकू आलाच पाहिजे. तुमचं दार उघडलं ते फोम जाड होता म्हणून.

करकर, कुरकुर हा वेगळाच प्रकार. इथे फट नसते, उलट दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून घासत असतात. क्षणभर धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. तारेवर गज फिरवला की सूर निघतो, तसंच. इथे फोम कोंबलात तर दाब वाढतो आणि करकर अजून वाढते. इथे घसरू देणारं काहीतरी हवं : फेल्टची पट्टी, गुळगुळीत प्लॅस्टिक टेप, लाकडी सरकपट्टीला चोळलेली मेणबत्ती. रबराच्या पट्ट्यांना सिलिकॉनचा स्प्रे चालतो, तोही कापडावर घेऊन. खनिज तेल किंवा ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगतं. आणि मोटरहोमच्या खिडक्या अॅक्रिलिकच्या असतात, त्यांच्यावर कसलंही सॉल्व्हंट उडालं तर बारीक तडे जातात. ते तडे पुन्हा बुजत नाहीत.

भणभण म्हणजे पातळ पत्रा किंवा प्लाय थरथरतोय. हात ठेवला की थांबते, हीच ओळख. उघडा पत्रा असेल तर ब्यूटाइल रबराचे चिकट तुकडे लावतात. अख्खा पत्रा मढवायची गरज नाही, मधला पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी कंप मरतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वरच्या कपाटांची दारं उघडा आणि बिजागरीच्या खाली बोट फिरवा. बोटाला भुसा लागला, किंवा खाली गादीवर पिवळसर पिठाची बारीक रेघ दिसली, तर तिथला स्क्रू लाकडाला आतून कुरतडतोय. आवाज येण्याच्या कितीतरी आधी ही रेघ दिसते. मी वाहन तपासायला घेतलं की आधी गाद्यांवरून हात फिरवतो, मग बाकीचं.

असा स्क्रू पुन्हा पिळून उपयोग नाही, कारण आटे स्क्रूचे गेलेले नसतात, लाकडाचे गेलेले असतात. जास्त लांब स्क्रू घालण्याचा मोहही नको. पातळ भिंतीतून तो आरपार जातो किंवा वायरमध्ये घुसतो. स्क्रू काढा, भोक साफ करा, कडक लाकडाची बारीक खुंटी सुतारी डिंक लावून ठोका, पूर्ण एक दिवस वाळू द्या, वर आलेली खुंटी कापा, बारीक ड्रिलने नवीन भोक पाडा आणि तोच जुना स्क्रू हाताने पिळा. मशिनने नको, मशिन हलक्या प्लायचे आटे एका झटक्यात खातं.

नट-बोल्टचं शास्त्र वेगळं. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की नट ओढताणीपेक्षा आडव्या हालचालीने सुटतो. सांधा बाजूला सरकत राहिला की नट आपोआप मागे फिरतो. तशा चाचणीत स्प्रिंग वॉशर फारसा टिकाव धरत नाही. टेबलाचा पाय, पलंगाचा सांगाडा अशा ठिकाणी नायलॉनची कडी असलेले नट वापरा. फक्त सीटबेल्ट आणि सीटच्या मूळ बोल्टांना स्वतः हात लावू नका, ते ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या ठरलेल्या जोराला, जाणकारानेच आवळायचे.

आणि एक सूचना. खिडकीच्या किंवा छताच्या कोपऱ्यात पूर्वी नसलेली करकर नव्याने सुरू झाली असेल तर आधी ओल मोजा. मीटरवर १५ टक्क्यांच्या खाली असेल तर निर्धास्त राहा, २० च्या वर असेल तर गळती शोधा, ३० च्या वर म्हणजे आतलं लाकूड मऊ व्हायला लागलेलं असतं. तिथे आवाज बंद करणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर लपवणं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी गाद्यांवरून हात फिरवला. बाबांच्या डोक्यावरच्या कपाटाच्या डाव्या बिजागरीखाली भुसा आहे! साखरेच्या कडेने मुंग्यांची रांग लागावी तशी सरळ रेघ. आठ महिने त्या गादीवर चादर घालतेय आणि दर वेळी ती रेघ मी धूळ समजून झटकली.

एक विचारायचं राहिलं. मागच्या चाकांच्या वर एक "धाड" असा आवाज येतो, छोट्या खड्ड्यातसुद्धा. आणि सिग्नलला उभं असताना कुठूनतरी भणभण येते, ॲक्सिलरेटरवर पाय दिला की थांबते. ही सुताराची कामं वाटत नाहीत.

प्रतिसाद ३

बरोबर ओळखलंत, ही खालची कामं आहेत. मी गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करतो.

आधी सिग्नलची भणभण. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमवर धडधडत असेल तर सेकंदाला २५ ठोके देतं. एखाद्या पत्र्याचा स्वतःचा कंप त्याच्या आसपास असला की तो त्या ठोक्यांवर डोलायला लागतो. इंजिनाचा वेग बदलला की ताल चुकतो आणि आवाज थांबतो. पहिला संशय सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्यावर घ्या, त्याचे बोल्ट गंजून पत्रा सुटतो. इंजिन थंड असताना बघा. खाली शिरायचं असेल तर भक्कम टेकूंशिवाय शिरू नका, नुसत्या जॅकवर मुळीच नाही.

आता "धाड". सगळ्यांत आधी हवा. मोटरहोमच्या टायरवर मापाच्या शेवटी सीपी लिहिलेलं असेल तर ते खास याच वाहनांसाठी बनवलेले टायर आहेत. मागच्या आसाला प्रत्येक बाजूला एकच चाक असेल तर अशा टायरसाठी युरोपातली मानक शिफारस ५.५ बारची (बार हे हवेच्या दाबाचं माप) आहे, म्हणून मागे आपल्या मनाने हवा कमी करू नका. पण पुष्कळ लोक तोच आकडा पुढेही भरून ठेवतात. पुढचं वजन कमी असतं, टायर दगडासारखा होतो आणि रस्त्यावरचा खडा न् खडा वर घरात जातो.

हे अंदाजाने ठरवायचं नाही. नेहमीचं सगळं सामान, पाणी, माणसं भरून वजनकाट्यावर जा आणि पुढचा आस, मागचा आस वेगळे तोलून घ्या. टायरवरचा भार-निर्देशांकही टिपून ठेवा. ११६ म्हणजे एका टायरला १,२५० किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो, अशी ठरलेली यादी आहे. वजनाचे आकडे आणि टायरचं पूर्ण माप टायर बनवणाऱ्या कंपनीला कळवा, त्यांच्याकडे वजनानुसार हवेचा तक्ता असतो. तो आला की त्याप्रमाणे थंड टायरमध्ये हवा भरा.

हवा ठीक करूनही धाड राहिली तर मागचे शॉक अॅब्सॉर्बर, कमानपाट्यांचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) आणि अँटी-रोल बारच्या, म्हणजे वळणावर वाहन कलू नये म्हणून दोन बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकांच्या बारक्या दांड्या तपासून घ्या. दांडीचा सांधा झिजला की एकाच चाकाखाली खड्डा आला तरी ठक् होतं. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावरून जातात तेव्हा तो आवाज येत नाही किंवा फार कमी येतो, कारण तेव्हा अँटी-रोल बार पिळलाच जात नाही. हा फरक तुम्हाला चालवताना स्वतःलाच तपासता येईल.

मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या मागे निघालेला भाग, लांब असेल तर अगदी शेवटच्या कप्प्यात जड वस्तू ठेवू नका. आसाच्या मागे असलेलं वजन तरफेसारखं उसळतं आणि पुढचा आस हलका करतं.

प्रतिसाद ४

एवढंच सांगायला आलो. फोम लावण्याच्या भरात जमिनीलगतची किंवा गॅसच्या कप्प्याच्या तळाची जाळीदार भोकं बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तळाशी साचतो आणि याच भोकांतून बाहेर पडतो. वारा येतो, शिट्टी वाजते म्हणून लोक ती बंद करतात. फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्या आणि हीटरच्या धुराड्याजवळची जागा यांनाही तोच नियम. सिलिंडर कप्प्यात हलत असेल तर त्याचा पट्टा घट्ट करा, भोवती चिंध्या कोंबू नका. आणि तांब्याची गॅसनळी कुठे पत्र्यावर घासत असेल तर ती करकर नुसती मऊ करून सोडून देऊ नका, गॅसचं काम जाणणाऱ्याकडून नळी बघून घ्या.

दुसरं, आवाज शोधायला कुणीही चालत्या गाडीत मागे फिरू नये. फोनवर ध्वनिमुद्रण चालू करून तो बंद कपाटात ठेवा, घरी येऊन ऐका.

मूळ प्रश्नकर्ती, पाच आठवड्यांनी

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं, त्यामुळे काय झालं ते सांगायलाच हवं.

आधी वाहन रिकामं केलं. उतरवलेलं सामान बघून आम्हीच थक्क झालो, एवढं सगळं त्या कपाटांत होतं. चार किलोमीटरचा एक ठरावीक रस्ता निवडला, त्यावर तीन गतिरोधक आहेत. वेग ताशी ४०. तीन फोन तीन ठिकाणी ठेवले : स्वयंपाकाच्या खणात, बाथरूममध्ये आणि बाबांच्या सीटवर, सीटबेल्टखाली अडकवून. घरी बसून तिन्ही मुद्रणं ऐकली. जो आवाज ज्या फोनमध्ये मोठा, तो त्याच्या जवळचा. वही केली, डावीकडे जागा, उजवीकडे आवाजाचं नाव. नाव लिहायला लागल्यावरच कळलं की मी इतके दिवस नीट ऐकतच नव्हते. बाथरूममधला आवाज मी खडखड धरून चालले होते, ती निघाली करकर : शॉवरच्या खालचा प्लॅस्टिकचा तळ भिंतीच्या पट्टीला घासत होता. तिथे मी मागे फोम कोंबला होता आणि आवाज वाढला होता, ते आता समजलं. फेल्टची पट्टी सरकवली, थांबला.

बिजागरीचं काम दादांनी सांगितलं तसं केलं. खुंटीसाठी जुन्या ब्रशचा लाकडी दांडा चालला. स्क्रू काढला तेव्हा भोकातून प्लायचे तंतू पिठासारखे गळून पडले, स्क्रू मात्र नव्यासारखा चकचकीत होता. एक दिवस वाळायला दिला आणि नवीन भोकात स्क्रू हाताने पिळताना शेवटच्या दोन फेऱ्यांना लाकडाने जो विरोध केला, तो मनगटाला जाणवला. त्या दोन फेऱ्यांनी मला फार समाधान दिलं. मग बाकीच्या सगळ्या बिजागऱ्या तपासल्या. एकूण अकरा स्क्रू ढिले, त्यातल्या चार ठिकाणी खुंटी घालावी लागली. ओलही मोजली, सगळीकडे १२ ते १४ टक्के.

वजनकाट्यावर गेलो. मागचा आस मर्यादेत आहे, पण मर्यादेच्या अगदी जवळ. मागच्या कप्प्यातली अवजारांची पेटी आणि पाण्याचा सुटा कॅन पुढे, दोन चाकांच्या मध्ये आणले. पुढच्या टायरमध्ये तक्त्यापेक्षा जवळजवळ १ बार हवा जास्त होती! ती कमी केल्यावर पहिल्याच गतिरोधकाला फरक कळला, स्टिअरिंगसुद्धा शांत झालं. "धाड" मात्र राहिली. गतिरोधकावर येत नव्हती, एका चाकाखालच्या खड्ड्यात येत होती, म्हणजे तुम्ही सांगितलेली खूण तंतोतंत. मागच्या अँटी-रोल बारची उजवीकडची दांडी झिजली होती. दोन्ही बदलल्या. सिग्नलची भणभण सायलेन्सरवरच्या पत्र्याचीच होती.

"चालायचंच" म्हणणाऱ्यांना मी आता एवढंच सांगेन की आमच्या वहीत सत्तावीस आवाज होते आणि त्यातले तेवीस गेले. राहिलेल्या चारांपैकी तीन छताच्या झरोक्यापाशी आहेत, त्यांच्या मागे लागलेच आहे.

परवा पूर्ण सामान भरून दोन तासांच्या प्रवासाला निघालो. निघताना मी बाबांना काहीच म्हटलं नाही. आरशात बघितलं, त्यांनी सवयीने डबी बाहेर काढली, उघडली आणि गाडी रस्त्याला लागल्यावर थोडा वेळ हातात तशीच धरून बसले. मग बंद करून खिशात ठेवली.

अर्ध्या तासाने मागून आवाज आला, "अगं, माझ्या उजव्या कानाशी काहीतरी टिकटिकतंय."

बाजूला थांबून बघितलं. शेजारच्या रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल खांबावर आपटत होतं. मला ते कधीच ऐकू आलं नव्हतं, तिन्ही फोनमध्येही सापडलं नव्हतं. बक्कल लावून टाकलं. वहीत अठ्ठाविसावा आवाज म्हणून लिहिलं आणि त्यापुढे बाबांचं नाव घातलं.